मिठाचा कागद

दोन टक्के मीठ. त्याहून जास्त नको,
कागद हावरट होतो, चांदी पिऊन टाकतो,
आणि सावल्यांत नुसता तपकिरी चिखल साचतो.
मीठ मी सेचोव्ल्येच्या आगरातूनच आणते,
करडं, ओलसर, लाकडी फावड्याने ओढलेलं.
दुकानातलं शुभ्र मीठही चालतं, उलट जास्त बरं चालतं,
पण वडील त्या आगरात बेचाळीस उन्हाळे वाकले.
खाल्ल्या मिठाला कुठेतरी जागायला हवं.

पिरानच्या बंदरामागे, जाळ्यांच्या गोदामावर
माझी खोली. खिडकीला पिवळा कागद.
सिल्व्हर नायट्रेट पाण्यासारखंच दिसतं,
रंग नाही, वास नाही,
सांडलं तर कळतही नाही.
कळतं दुसऱ्या दिवशी, पाव कापताना.
माझे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत, म्हणतात लोक.
माझे हात मात्र उन्हातच काळे झाले.

ओन्दीना आली फेब्रुवारीत, बुर्या वारा सुटलेला,
शालीत गुंडाळलेली काच पोटाशी धरून, चार जिने चढून.
एका कोपऱ्यात तडा. काचेवर उलट्या उजेडाचा माणूस:
दात काळे, भुवया पांढऱ्या,
मागे मिठाचे ढीग कोळशासारखे.
"नवरा?" मी विचारलं.
"नाही," ती म्हणाली, आणि हातमोजे काढले.

फ्रेम गच्चीवर ठेवली.
हिवाळ्यातलं ऊन, चाळीस मिनिटं म्हणता म्हणता पासष्ट.
मध्ये मध्ये आत आणून
अर्धी पाठ उघडायची, डोकावायचं, झाकायचं.
आधी आली टोपीखालची सावली,
मग बूट, मग फावड्याचा दांडा.
चेहरा सगळ्यात शेवटी,
बोलवावं की नाही असं त्यालाच विचारल्यासारखा.

फ्रेम उघडली, तर हात लावू नका म्हणायच्या आधीच
तिने त्याच्या गालावर बोट टेकवलं.

"आता हायपोत पाच मिनिटं," मी सांगू लागले,
"मग दुसऱ्या हायपोत पाच, मग तासभर वाहतं पाणी.
जरा फिका पडेल, घाबरू नका, सुकला की परत येतो.
नंतर शंभर वर्षं बघायला नको."
"शंभर वर्षं कोणासाठी?"

खाली कोणीतरी होडीचं इंजिन चालू करत होतं,
ते चालू होत नव्हतं.

"धुऊ नकोस. असाच दे. काळ्या कागदात."

मी समजावलं. प्रत्येक उजेड याला खातो.
दिवा खातो, मेणबत्तीसुद्धा, सावकाश का होईना.
पाहाल तितका तो काळवंडत जाईल,
आणि एक दिवस हातात उरेल तपकिरी चौकोन.
ती म्हणाली, "वर्षातून एकदा पाहीन.
तो पुरेल मला. मी पुरेन त्याला."

सव्वीस वर्षं मी एकच गोष्ट विकते आहे: टिकणं.
कच्चा कागद दाराबाहेर जाऊ दिला नव्हता कधी.
अर्धेच पैसे सांगितले.
तिने पूर्ण मोजले, नाण्यांत.

तीन दिवसांनी बेकरीच्या रांगेत दिसली.
मागून माफाल्दाने विचारलं, "बोटाला काय झालं गं, भाजलं?"
ओन्दीनाने काळं बोट वर धरून पाहिलं,
नखाच्या मुळापर्यंत गेलेला डाग.
"मीठ लागलं," म्हणाली.
माझ्याकडे बघितलंही नाही.
डाग काढायचं औषध माझ्या कपाटात असतं, निळ्या झाकणाची बाटली.
मी पाव घेतला आणि निघाले.

काच अजून माझ्याकडेच आहे.
ती मागायला आली नाही, मी पोचवायला गेले नाही.
तडा एक बोटभर पुढे सरकलाय, कानाच्या दिशेने.
एक पक्की प्रत काढून ठेवावी, कोणाला न सांगता,
असं रोज सकाळी वाटतं
आणि दुपारी वाटेनासं होतं.
परवा एक कागद मिठात भिजवला.
दोरीवर वाळतोय.
चांदी अजून लावलेली नाही.